मराठी मजकूर आणि त्यामागचे आकडे: प्रोग्राममध्ये अक्षरे मोजणे, तोडणे आणि शोधणे

‘नमस्कार’ या शब्दाची लांबी पायथन या प्रोग्रामिंग भाषेला विचारली तर उत्तर ७ येते, गो भाषेला विचारली तर २१ येते, आणि बाराखडी शिकलेल्या कोणालाही विचारली तर न, म, स्का, र अशी ४ अक्षरे मोजून मिळतात. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रोग्राममधील बहुतेक चुका या तीन मापांची गल्लत झाल्याने होतात. अर्धवट तुटलेली नावे, शोधूनही न सापडणारे शब्द आणि भलत्याच क्रमाने लागलेल्या याद्या यांचे मूळ बहुधा तिथेच असते. म्हणून कोणतेही फंक्शन वापरण्याआधी ते बाइट (साठवणीचे एकक) मोजते, संकेतांक (तक्त्यातील चिन्हाचा क्रमांक) मोजते की आपल्या अर्थाने अक्षर मोजते, हे माहीत करून घेणे ही या कामातील पहिली शिस्त आहे.

आकडे डोळ्यांनी पाहणे

संगणक अक्षर साठवत नाही. ठरलेल्या तक्त्यातील त्याचा क्रमांक साठवतो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की तक्त्यात १२८ जागा होत्या आणि रोमन कॅपिटल ए ला ६५ आणि शून्य या अंकचिन्हाला ४८ हे क्रमांक मिळाले; स्मॉल अक्षरे १९६७ च्या आवृत्तीत आली आणि स्मॉल ए ला ९७ मिळाला. ते आजही तेच आहेत. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्यात आस्कीच्या वरच्या रिकाम्या १२८ जागांमध्ये ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकाच मांडणीने बसवली होती. युनिकोडने जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात स्वतंत्र जागा देताना इस्कीची ही मांडणी जवळजवळ तशीच उचलली. म्हणूनच युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे, तर गुजराती ‘क’ चा त्याहून नेमका ३८४ ने आणि कन्नड ‘क’ चा ८९६ ने जास्त आहे. हे दोन्ही फरक १२८ च्या पटीत आहेत, कारण यांतील प्रत्येक लिपीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे.

देवनागरीचा मुख्य पट्टा २३०४ पासून २४३१ पर्यंत जातो. तक्त्यातील या क्रमांकाला कोड पॉइंट म्हणतात. पुढे त्याला संकेतांक म्हटले आहे. युनिकोडच्या अधिकृत तक्त्यांत हे क्रमांक षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीने छापलेले असतात, त्यामुळे तिथे ‘क’ समोर ०९१५ दिसेल. या लेखात सर्व आकडे दशमान आहेत.

पायथनमध्ये एका घटकाचा संकेतांक ‘ऑर्ड’ हे फंक्शन देते आणि संकेतांकावरून घटक ‘सीएचआर’ हे फंक्शन देते. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम ‘कोडपॉइंटअ‍ॅट’ आणि ‘फ्रॉमकोडपॉइंट’ करतात. शब्दावर लूप चालवून प्रत्येक घटकाचा संकेतांक छापावा. ‘कमळ’ साठी २३२५, २३५०, २३५५ असे तीन आकडे मिळतील आणि सगळे सरळ वाटेल. त्यानंतर लगेच ‘किल्ला’ छापून पाहावा. तिथे सहा आकडे येतात: क साठी २३२५, पहिल्या वेलांटीसाठी २३६७, ल साठी २३५४, हलन्तासाठी २३८१, पुन्हा ल साठी २३५४ आणि कान्यासाठी २३६६. वेलांटी पडद्यावर ‘क’ च्या आधी दिसत असली तरी साठवणीत ती ‘क’ च्या नंतर येते, म्हणजे क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नसतो. जोडाक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो. दोन व्यंजनांच्या मध्ये हलन्त ठेवला की जोडाक्षर तयार होते आणि त्याचा आकार घडवणे हे फॉन्टचे काम असते. ‘क्ष’ ही तक्त्यात नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन संकेतांकांचा समूह आहे. एखादा शब्द विचित्र वागू लागला की कोड वाचत बसण्याआधी त्याचे आकडे छापून पाहावेत, कारण निम्म्याहून अधिक वेळा दोष तिथेच डोळ्यांना दिसतो.

संकेतांकाचे बाइट कसे होतात

बाइटमध्ये ० ते २५५ एवढाच आकडा मावतो, त्यामुळे २३२५ साठवायचा तर तो कोणत्या तरी रीतीने फोडावा लागतो. आज जवळजवळ सर्वत्र वापरली जाणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचली. तिच्यात आस्कीतील चिन्हे एका बाइटमध्ये राहतात, २०४७ पर्यंतचे संकेतांक दोन बाइटमध्ये, ६५५३५ पर्यंतचे तीन बाइटमध्ये आणि त्यापुढचे चार बाइटमध्ये जातात. देवनागरी तीन बाइटांच्या गटात मोडते.

हे एकदा हाताने करून पाहणे फार उपयोगी आहे, आणि देवनागरीसाठी ते अवघड मुळीच नाही. संकेतांकाला ६४ ने भागावे. २३२५ भागिले ६४ केले की भागाकार ३६ येतो आणि बाकी २१ उरते. पहिला बाइट मुख्य पट्ट्यासाठी नेहमी २२४ असतो. दुसरा बाइट म्हणजे १२८ अधिक भागाकार, म्हणजे १६४. तिसरा म्हणजे १२८ अधिक बाकी, म्हणजे १४९. म्हणून ‘क’ चे बाइट २२४, १६४, १४९. दुसऱ्या वेलांटीचा संकेतांक २३६८ असल्यामुळे तिथे भागाकार ३७ येतो, बाकी शून्य राहते आणि बाइट २२४, १६५, १२८ असे होतात. म्हणजे स्वर, व्यंजने, अनुस्वार, काना आणि पहिली वेलांटी यांचा दुसरा बाइट १६४ असतो, तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि देवनागरी अंक यांचा १६५. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. बिघडलेला मजकूर दुरुस्त करताना त्यांचीच गरज पडते.

आता सुरुवातीची उत्तरे जुळतात. ‘नमस्कार’ मध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात संकेतांक आहेत आणि प्रत्येकाचे तीन बाइट धरले की २१. सी, गो आणि रस्ट यांची लांबी विचारण्याची नेहमीची फंक्शने बाइट मोजतात; पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ ही बाइट मोजते, तर ‘एमबी’ ने सुरू होणारे त्याचे भावंड संकेतांक मोजते. पायथन ३ संकेतांक मोजते. जावा आणि जावास्क्रिप्ट सोळा बिटांचे एकक मोजतात. ते देवनागरीच्या मुख्य पट्ट्यासाठी संकेतांकाइतकेच भरते, पण ६५५३५ च्या पुढच्या प्रत्येक चिन्हासाठी दोन धरले जाते. बहुतेक इमोजी त्या पलीकडच्या भागात आहेत हे अनेकांना माहीत असते. मोडी लिपीही तिथेच आहे याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आलेला मोडीचा पट्टा ७११६८ पासून सुरू होतो, त्यामुळे मोडीचे एक अक्षर जावास्क्रिप्टमध्ये दोन एककांचे आणि यूटीएफ-८ मध्ये चार बाइटांचे असते. मोडी दफ्तरांच्या लिप्यंतरासाठी साधने लिहिणाऱ्यांनी देवनागरीवर चाललेला कोड मोडीवर जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरू नये.

कोणत्या कामाला कोणते माप

जागा मोजायची असेल तेव्हा बाइट मोजावेत. ओरॅकल डेटाबेसमध्ये ‘व्हारचार२’ प्रकारच्या रकान्याला २० ही लांबी दिली तर मूळ मांडणीत ती २० बाइट धरली जाते, आणि ‘महाराष्ट्र’ या चार अक्षरी शब्दाचे दहा संकेतांक म्हणजे ३० बाइट होत असल्यामुळे तो त्यात मावत नाही. मायएसक्यूएलमध्ये रकान्याची लांबी संकेतांकांत मोजली जाते, मात्र तिथला जुना ‘यूटीएफ८’ हा संच तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी त्यात नीट बसते, पण मजकुरात एखादी इमोजी किंवा मोडीचे अक्षर आले की नोंद अडते. त्यामुळे डेटाबेसमध्ये नवीन टेबल करताना ‘यूटीएफ८एमबी४’ हाच संच निवडावा. मोबाइलच्या लघुसंदेशाचेही असेच आहे. एका संदेशाला १४० बाइट मिळतात. सात बिटांच्या संचात त्यात १६० रोमन चिन्हे बसतात, देवनागरी आली की प्रत्येक संकेतांकाला दोन बाइट लागून मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा आणि हलन्त यांचीही त्यात गणती होते, म्हणून मराठी संदेशाचा मसुदा करताना अक्षरे मोजून उपयोग नाही.

मजकूर माणसाला दाखवायचा असेल, तोडायचा असेल किंवा ‘इतकी अक्षरे शिल्लक’ असे सांगायचे असेल, तेव्हा अक्षरेच मोजावीत. ‘विद्यार्थी’ या शब्दाचे दहा संकेतांक होतात. तो आठव्या संकेतांकावर तोडला तर ‘विद्यार्’ असा लंगडा शब्द पडद्यावर राहतो. तोच शब्द दहाव्या बाइटवर तोडला तर तीन संकेतांक पूर्ण येतात, चौथ्याचा एकच बाइट उरतो आणि तिथे काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते, ज्याचा संकेतांक ६५५३३ आहे. बातमीचा मथळा किंवा प्रमाणपत्रावरचे नाव असे कापले जाणे हा वाचणाऱ्याचा आणि त्या नावाच्या माणसाचा अपमान आहे, आणि तो थोड्या काळजीने पूर्ण टाळता येतो.

शब्दाचे अक्षरांत तुकडे करणे

‘रामाला भाला मारा’ आणि ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये उलटीकडून वाचली तरी तीच राहतात, हे लहानपणापासून सर्वांना ठाऊक असते. ते तपासणारा प्रोग्राम म्हणजे अक्षरे नीट तोडता येतात की नाही याची उत्तम परीक्षा आहे. जागा काढून टाकलेल्या पहिल्या वाक्यात १४ संकेतांक आहेत आणि शेवटचा संकेतांक कान्याचा आहे. संकेतांकांची यादी सरळ उलटवली तर नवी यादी एकट्या कान्याने सुरू होते. तो कान्याचा आकार पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून दिसतो आणि प्रोग्राम ‘हे वाक्य दोन्हीकडून सारखे नाही’ असे चुकीचे उत्तर देतो. रा, मा, ला, भा, ला, मा, रा असे सात तुकडे आधी केले आणि मग ती यादी उलटवली, तरच उत्तर बरोबर येते.

हे तुकडे करण्याची तयार सोय अनेक भाषांत आहे. स्विफ्टमध्ये ‘कॅरेक्टर’ हा प्रकार मुळातच असा तुकडा मानतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’ या वस्तूखालील ‘सेगमेंटर’ वापरावा. पायथनमध्ये मजकुरातील नमुने शोधणाऱ्या मूळ ‘रे’ मॉड्यूलमध्ये सोय नाही, पण वेगळ्याने बसवावे लागणारे ‘रेजेक्स’ हे पॅकेज उलटी तिरपी रेघ आणि मोठा एक्स या खुणेने अक्षरसमूह ओळखते. मात्र जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडच्या मूळ विभाजन नियमांत २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने ‘स्का’ चे ‘स्’ आणि ‘का’ असे दोन तुकडे करू शकतात. म्हणून हाताशी असलेले साधन ‘नमस्कार’ वर चालवून पाहावे: चार तुकडे आले तर ते विश्वासाने वापरावे, पाच आले तर स्वतःचा नियम लिहावा.

तो नियम छोटा आहे. रिकामी यादी घ्यावी आणि शब्दातील संकेतांक एकेक करून पुढे जावे. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधील ‘कॅटेगरी’ फंक्शनने दिलेला वर्ग एम या रोमन अक्षराने सुरू होत असेल, म्हणजे तो घटक काना, मात्रा, उकार, अनुस्वार किंवा हलन्त असेल, तर त्याला यादीतील शेवटच्या तुकड्याला जोडावे. अदृश्य जोडचिन्ह ८२०५ आणि अदृश्य तोडचिन्ह ८२०४ हेही मागच्या तुकड्यालाच जोडावेत. घटक व्यंजन असेल आणि मागचा तुकडा हलन्ताने किंवा हलन्त व ८२०५ या जोडीने संपत असेल, तरीही मागेच जोडावे. बाकी प्रत्येक वेळी नवा तुकडा सुरू करावा. मागचा तुकडा ८२०४ ने संपत असेल तर लिहिणाऱ्याने जोडाक्षर मुद्दाम तोडलेले असते. तिथे नवा तुकडाच योग्य. व्यंजन ओळखण्यासाठी २३२५ ते २३६१ ही कक्षा मराठीला पुरते. ‘महाराष्ट्र’ चे चार, ‘विद्यार्थी’ चे तीन आणि ‘किल्ला’ चे दोन तुकडे आले की नियम बरोबर लिहिला गेला असे समजावे.

बिघडलेला मजकूर परत मिळवणे

फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली असते आणि वाचणारा प्रोग्राम ती विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचतो. मग मराठीच्या जागी परक्या चिन्हांची रांग उभी राहते. ती रांग पाहताच ओळखता येते. २२४ या बाइटचे तिथे डोक्यावर तिरपी रेघ असलेला स्मॉल ए होतो, १६४ चे चार काड्या फुटलेल्या वर्तुळाचे चलनचिन्ह होते आणि १६५ चे जपानी येनचे चिन्ह होते. तिरप्या रेघेचा ए आणि पाठोपाठ चलनचिन्ह किंवा येन, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तो मजकूर देवनागरीच आहे आणि बाइट बहुधा शाबूत आहेत.

उपाय उलटा प्रवास करण्याचा आहे. बिघडलेली ओळ विंडोज-१२५२ ने पुन्हा बाइटांत न्यावी आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. पायथनमध्ये ‘एन्कोड’ आणि त्यावर लगेच ‘डीकोड’ असे ते दोन शब्दांचे काम आहे. पण मराठीच्या बाबतीत ते अनेकदा मध्येच अडते आणि त्याचे कारण नेमके सांगता येते. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. वरच्या भागाकाराच्या रीतीने पाहिले तर हलन्ताचा तिसरा बाइट १४१, ऱ्हस्व उकाराचा १२९, ‘ए’ चा १४३, ‘ऐ’ चा १४४ आणि ‘झ’ चा १५७ येतो. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक पहिला उकार या खड्ड्यांत सापडतो.

काही प्रोग्राम, उदाहरणार्थ ब्राउझर, अशा रिकाम्या जागी त्याच क्रमांकाचे अदृश्य नियंत्रणचिन्ह ठेवतात. तसे झाले असेल तर काहीही हरवलेले नसते; फक्त पायथनचा विंडोज-१२५२ चा तक्ता ते चिन्ह स्वीकारत नाही. तेव्हा ओळीतील घटक एकेक घ्यावा, त्याचा संकेतांक २५६ हून कमी असेल तर तोच आकडा बाइट म्हणून घ्यावा, आणि जास्त असेल तेवढ्यापुरता विंडोज-१२५२ चा तक्ता वापरावा. दुसऱ्या काही प्रोग्रामांनी त्या जागी प्रश्नचिन्ह टाकलेले असते, आणि तिथे खरोखर हानी झालेली असते. तरीही मागचे दोन बाइट मदत करतात: प्रश्नचिन्हाआधी १६५ असेल तर हरवलेला घटक जवळजवळ नक्कीच हलन्त किंवा पहिला उकार आहे, आणि १६४ असेल तर ए, ऐ, झ किंवा चंद्रबिंदू. एवढ्या मोजक्या पर्यायांतून शब्दकोशाच्या आधाराने निवड करता येते.

आणखी एक सापळा आपल्या भाषेच्या नावातच दडलेला आहे. ‘ठ’ चा तिसरा बाइट १६० आहे आणि त्या जागी विंडोज-१२५२ मध्ये न तुटणारी जागा असते. बिघडलेली ओळ एखाद्या संपादकात चिकटवली आणि त्याने ती जागा साध्या जागेत बदलली की ‘मराठी’ तील ठ नाहीसा होतो. त्यामुळे अशा मजकुराला हात लावण्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी आणि दुरुस्ती फाइलवर प्रोग्रामने करावी, चिकटवून करू नये.

मुळात हा बिघाड होऊ न देणे सोपे आहे. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (संकेतांकांचे बाइट करण्याची रीत) नेहमी स्पष्ट लिहावे, कारण ते न लिहिल्यास अनेक आवृत्त्या विंडोजवर संगणकाच्या भाषेच्या मांडणीनुसार तक्ता निवडतात. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर ती ‘यूटीएफ-८-सिग’ या नावाने लिहावी. त्यामुळे सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट पडतात आणि एक्सेलला फाइल यूटीएफ-८ असल्याचे कळते. जुन्या डीटीपी फॉन्टांतील मजकूर हा मात्र निराळा प्रश्न आहे. तिथे साठवलेले आकडे रोमन चिन्हांचेच असतात आणि त्यांवर देवनागरी आकार फक्त रंगवलेले असतात, त्यामुळे एन्कोडिंग बदलून काहीही साधत नाही; त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेला रूपांतराचा तक्ता लागतो आणि दिसण्याच्या क्रमाने आधी साठवलेली पहिली वेलांटी व्यंजनानंतर हलवावी लागते.

दिसायला एक, आकड्यांत दोन

‘वाऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला आढळतो. एका प्रकारात व, काना, २३५३ क्रमांकाचा नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असलेला ‘ऱ’, हलन्त, य, काना असे सहा संकेतांक असतात. दुसऱ्यात साधा र म्हणजे २३५२, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह ८२०५ आणि मग य, असे एकूण सात असतात. पडद्यावर दोन्हींत रफाराऐवजी तोच अर्धा र दिसतो, पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. हे अदृश्य चिन्ह निष्काळजीपणाने पुसले तर ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ आणि ‘आचाऱ्यांना’ चा ‘आचार्यांना’ होतो, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या जागी गुरुजी येतात.

‘ॲ’ ची स्थिती याहून वाईट आहे. त्याला स्वतःची जागा, २४१८, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत २००८ साली मिळाली. तोवर आणि त्यानंतरही लोक अ व चंद्र असे दोन संकेतांक लिहीत आले, कित्येक कळफलक त्या दोहोंमध्ये ८२०५ घालतात, आणि काही मजकुरात हिंदी धाटणीचे २३१७ हे चिन्ह वापरलेले असते. ‘ॲप’ हा एक शब्द चार रूपांत येऊ शकतो.

युनिकोडने ठरवलेली प्रमाणीकरणाची रीत, पायथनमधील ‘नॉर्मलाइझ’ फंक्शनला एनएफसी हा पर्याय देऊन, अवश्य वापरावी. तिने र आणि वेगळा नुक्ता यांचा २३५३ होतो. पण ८२०५ घातलेला अर्धा र किंवा अ व चंद्राची जोडी यांना ती हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती रूपे समान मानलेली नाहीत. म्हणून मराठी शोधासाठी स्वतःची शोधकळ, म्हणजे केवळ शोधासाठी एकसारखी केलेली मजकुराची प्रत, तयार करावी लागते. आधी एनएफसी करावे. मग २३५२, २३८१, ८२०५ हा क्रम जिथे दिसेल तिथे २३५३, २३८१ लिहावे. त्यानंतरच उरलेली ८२०४ आणि ८२०५ ही चिन्हे काढावीत. हा क्रम उलटा केला तर दऱ्यांचा समुद्र होतो. शेवटी अ व चंद्र यांची जोडी आणि २३१७ या दोहोंच्या जागी २४१८ ठेवावे. ही कळ वेगळ्या रकान्यात साठवावी आणि शोध तिच्यावर चालवावा. लेखकाने लिहिलेला मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा राहू द्यावा.

नावे आणि अंक तपासताना

पायथनमध्ये ‘कमळ’ वर ‘इजअल्फा’ हे फंक्शन चालवले तर उत्तर होय येते, आणि ‘काम’ वर चालवले तर नाही येते. कारण हे फंक्शन फक्त अक्षर या वर्गाचे घटक मानते आणि काना हा मार्क या वर्गात मोडतो. ‘रे’ मॉड्यूलमधील शब्दघटक ओळखणारी खूणही याच कारणाने ‘काम’ चे दोन तुकडे करते. मराठीत लिहिलेले नाव ‘अवैध’ ठरवणारे अर्ज अनेकदा असल्याच एका ओळीमुळे तसे वागतात. त्याऐवजी प्रत्येक घटकाचा वर्ग एल (अक्षर) किंवा एम (मार्क) ने सुरू होतो का हे पाहावे आणि ८२०४, ८२०५, जागा व पूर्णविराम यांना मुभा द्यावी. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये युनिकोड गुणधर्म वापरून हीच अट लिहिता येते.

देवनागरी अंक २४०६ ते २४१५ या जागी आहेत. पायथनचे ‘इंट’ फंक्शन ‘५२’ थेट स्वीकारते. जावास्क्रिप्ट स्वीकारत नाही, तिथे प्रत्येक अंकाच्या संकेतांकातून २४०६ वजा करून संख्या घडवावी.

क्रम लावणे

संकेतांकांच्या क्रमाने लावलेली यादी मराठी वाचकाला चुकीची वाटते. तक्त्यात ळ चा क्रमांक २३५५, म्हणजे ल च्या लगेच पुढे आणि व, श, स, ह यांच्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो आणि त्यामागून क्ष व ज्ञ. म्हणून साध्या क्रमवारीत ‘काळ’ हा शब्द ‘कास’ च्या आधी जाऊन बसतो. ‘ॲ’ तर २४१८ वर असल्यामुळे ‘ॲप’ हे ‘हत्ती’ च्याही मागे पडते, आणि सूची चाळणाऱ्याला तो शब्द नाहीच असे वाटते.

यासाठी स्वतःचा तक्ता लिहिण्याची गरज नाही. युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या माहितीसंग्रहात मराठीचा वेगळा क्रम नोंदलेला आहे आणि आयसीयू ही लायब्ररी तो वापरते. पायथनमध्ये ती ‘पायआयसीयू’ या पॅकेजमधून मिळते, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’ खालील ‘कोलेटर’ ला मराठीचा एमआर हा भाषासंकेत द्यावा. हिंदीचा एचआय हा संकेत लिपी एकच म्हणून देऊ नये, कारण क्रम भाषेचा असतो. काळ, कास, काव्य, क्षमा, ज्ञान, ॲप, हत्ती या सात शब्दांची यादी देऊन निकाल एकदा स्वतः वाचावा, आणि यादी छापील सूचीसाठी जाणार असेल तर क्ष आणि ज्ञ स्वतंत्र लावायचे की क आणि ज खाली, हे संपादकाला आधीच विचारून घ्यावे.